कोकणातल्या छोट्या फुटबॉल क्लबांनी ॲकॅडमी काढावी का, आणि काढली तर कुठल्या वयासाठी?

डावा_विंगर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वेंगुर्ले तालुक्यात एका छोट्या क्लबाच्या लहान गटाचं काम मी पाहतो. संध्याकाळी मुलं, रविवारी सामने, मधल्या वेळात पालकांचे फोन. गेल्या काही वर्षांत सावंतवाडीपासून पार अलिबागपर्यंत ‘फुटबॉल ॲकॅडमी’ असे फलक दिसू लागले आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या लहानपणी बॉलच मिळत नसे, आता निदान शिकवणारा कुणीतरी उभा आहे. पण बऱ्याच ठिकाणी आत जाऊन पाहिलं की चित्र एकच असतं. तीस मुलांची एक रांग, पुढे चार शंकू, एक बॉल. मूल पाच मिनिटं रांगेत उभं राहतं आणि दहा सेकंद बॉलला पाय लावतं. मग मैदानाला फेऱ्या, शेवटी पंधरा मिनिटं मोठ्या गोलपोस्टवर सामना, ज्यात दोन दांडगी मुलं खेळतात आणि बाकीची बघतात. महिन्याची फी, वर्षाला एक टी-शर्ट. आई-वडिलांना सांगितलं जातं, ‘याला आयएसएलपर्यंत (इंडियन सुपर लीग) नेऊ.’

माझं म्हणणं असं की छोट्या क्लबाचं खरं वय सहा ते तेरा आहे. या वयात पंचतारांकित काही लागत नाही. लागतो मुलागणिक एक बॉल, लहान मैदान, लहान गोल आणि दर आठवड्याला सामना. सात-आठ वर्षांपर्यंत ३ नंबरचा बॉल, तिथून बारापर्यंत ४ नंबरचा. पाच-पाचचे नाहीतर सात-सातचे सामने. एआयएफएफने (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) २०१८ मध्ये गोल्डन बेबी लीग सुरू केल्या त्या याच विचाराने: गावात, जवळच्या जवळ, महिनोनमहिने चालणारी लीग. दोन दिवसांची ‘भव्य स्पर्धा’ करून वर्षभर गप्प बसायचं नाही. पूर्ण आकाराच्या एका मैदानात लहान मुलांची चार मैदानं आखता येतात. चुन्याची एक गोणी आणि बांबूचे गोल, एवढाच खर्च.

चौदाव्या वर्षानंतर मुलाला रोजचा सराव, आहार, फिजिओ, वरच्या दर्जाचे प्रतिस्पर्धी लागतात. ते आपल्याकडे नाही, आणि आहे असा आव आणणं मुलावर अन्याय आहे. तिथे आपलं काम त्याला योग्य दारापर्यंत नेऊन सोडण्याचं.

मोठ्या नावांच्या भरवशावर बसू नये याचं उदाहरण घाटावरच आहे. पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला, त्यांची ॲकॅडमी देशातल्या चांगल्या ॲकॅडम्यांपैकी होती. २०१५ नंतर क्लब राहिला नाही. ॲकॅडमी एफसी पुणे सिटीकडे गेली, २०१९ मध्ये तोही बंद. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये थांबले. एका मालकाच्या खिशावर उभी असलेली ॲकॅडमी मालक उठला की उठते. त्यातल्या मुलांचं काय झालं हे विचारायलाही कुणी उरत नाही.

तर चर्चा करूया. मैदान, पाऊस, पैसा, नोंदणी, गोव्याची वाट, मुली, सगळ्यावर लिहा. अनुभव लिहा, पण क्लबांची आणि मुलांची नावं नकोत.

मांडवीपार

छान धागा. मी बांद्याचा, नोकरी म्हापशाला. दोन्हीकडचं पाहतो म्हणून लिहितो.

आपल्याकडे लोकांना वाटतं की गोव्यात फुटबॉल रक्तात आहे. रक्तात काही नसतं. तिथे गावागणिक मैदान आहे, चर्चच्या किंवा कोमुनिदादीच्या (गावाच्या सामाईक जमिनीची संस्था) जागेवर, आणि त्यावर लग्नाचा मांडव सहसा पडत नाही. वाड्यावाड्यांच्या स्पर्धा आहेत. त्याच्या वर गोवा फुटबॉल असोसिएशनच्या वयोगटांच्या लीग आहेत, म्हणजे मुलाला वर्षभर खऱ्या पंचाच्या शिट्टीवर खेळायला मिळतं. त्याच्या वर क्लब. सेझा फुटबॉल ॲकॅडमी १९९९ पासून आहे. धेंपोचं केंद्र जुन्या गोव्यात एल्ला इथे आहे. सरकारची फुटबॉल विकास परिषद गावोगाव केंद्रं चालवते. एकावर एक पायऱ्या आहेत, मधली एकही गाळलेली नाही.

आणि तरीही तिथे सगळं सुरळीत नाही. पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला धेंपो, २०१०-११ चा आय-लीग (तेव्हाची राष्ट्रीय लीग) विजेता साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, तिघांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. धेंपोने त्यानंतर मुलांच्या संघांवर लक्ष ठेवलं, आणि २०२४ मध्ये तो परत आय-लीगमध्ये आला. वरचा संघ खाली आला तरी खालची मुलं घडवणं थांबवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

सातार्डा, आरोंदा, बांदा, दोडामार्ग इथली मुलं गोव्यातल्या क्लबांत जातात, जावीतच. पण बारा वर्षांचं मूल शाळा सुटल्यावर बसने म्हापशाला आणि रात्री परत, हे आठवड्यातून चार दिवस झालं की दोन महिन्यांत ते मूल पेंगायला लागतं. अभ्यास जातो, मग घरचे खेळ बंद करतात. तेरापर्यंत गावात खेळू दे हे तुमचं म्हणणं मला याच कारणाने पटतं.

आई_कुडाळची

माझो झिल चौदा वर्साचो, बॅक खेळता. व्हॉट्सॲपवर कोणी जाहिरात टाकल्यान, मोठ्या क्लबाची ट्रायल असा म्हणान. पैसे भरले, गाडी करून चार पोरां घेवन गेलव. थय शेकड्यान पोरां, एकेकाक धा मिनटां खेळवल्यानी. मागसून फोन कोण उचलणा नाय. झिल आठ दिस मैदानार गेलोच नाय.

पुढचं प्रमाण मराठीत लिहिते, रत्नागिरी-रायगडच्या मंडळींना सोपं जावं म्हणून. माझी क्लब चालवणाऱ्यांना एकच विनंती आहे. आम्ही पालक फुटबॉल खेळलेलो नाही. खरी ट्रायल कुठली आणि पैसे काढायचा धंदा कुठला हे आम्हाला कळत नाही. तुम्ही सांगा. निदान इतकं तरी करा की कुठलीही जाहिरात आली की क्लबाच्या गटावर कोणीतरी त्या क्लबाच्या कार्यालयात फोन करून खात्री करून घेईल. आमच्यासाठी ॲकॅडमीपेक्षा ही मदत मोठी आहे.

दुसरं, दहावी. नववीच्या मे महिन्यात शिकवण्या सुरू होतात आणि मैदान सुटतं. क्रीडागुण मिळतात म्हणून शाळा मुलांना जिल्ह्यापर्यंत पाठवते आणि गुण मिळाले की विषय संपतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी दहावीच्या मुलांसाठी ठेवल्या, स्पर्धेचा ताण नाही, नुसतं खेळणं, तर किती मुलं टिकतील.

डावा_विंगर

ताई, खात्रीचा फोन हे काम आमचा क्लब आजपासून करेल. एक खूण सगळ्यांनी लक्षात ठेवा. मान्यताप्राप्त ॲकॅडम्यांची यादी एआयएफएफकडे असते, श्रेणीही असते. ज्यांच्या फलकावर ‘मान्यताप्राप्त’ लिहिलंय त्यांना कोणाची मान्यता, कुठल्या वर्षाची, हे विचारायला लाजू नका. प्रशिक्षकाला परवाना कुठला आहे तेही विचारा. ई, डी आणि मग एएफसीचा (आशियाई महासंघ) सी, अशी चढण आहे. लहान मुलांना शिकवणाऱ्याकडे निदान डी असावा.

सडा_आणि_समुद्र

रत्नागिरीहून. पावसाबद्दल कुणीच बोललं नाही अजून!

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. उरलेल्या दिवसांत मैदान म्हणजे जांभ्याची तांबडी माती, पडलं की गुडघा सोलतो. चिखलात खेळायची मजा मी नाकारत नाही, पण चार महिने सराव बंद राहिला तर आठ वर्षांचं मूल परत पहिल्यापासून सुरू करतं. शाळा जूनमध्ये सुरू होते, मुलांचा उत्साह तेव्हाच सगळ्यात जास्त असतो आणि नेमकं तेव्हाच आपण ‘आता ऑक्टोबरात या’ म्हणतो.

आइसलँडचं उदाहरण आठवा. २०१६ च्या सुमारास सव्वातीन लाखांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्या एका जिल्ह्याहूनही कितीतरी कमी. हिवाळा असा की बाहेर खेळणं अशक्य. त्यांनी २००० सालानंतर बंदिस्त मैदानं बांधली आणि लहान मुलांनासुद्धा युएफाचे (युरोपीय महासंघ) परवाने असलेले प्रशिक्षक दिले. गावातल्या क्लबातलं सहा वर्षांचं मूलही शिकलेल्या माणसाकडे जातं. २०१६ च्या युरोत त्यांनी इंग्लंडला २-१ हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०१८ मध्ये विश्वचषकाला पात्र ठरणारा तोवरचा सगळ्यात लहान देश झाला. त्यांच्याकडे पैसा आहे, मान्य. पण हवामान आडवं येतंय म्हटल्यावर त्यांनी आधी हवामानाचा बंदोबस्त केला, हे शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे बंदिस्त जागा नाहीत असं म्हणतात. आहेत. आषाढीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत प्रत्येक तालुक्यातली मंगल कार्यालयं रिकामी असतात. मालकाला विजेचं बिल आणि थोडं भाडं दिलं की तो दुपारी तीन ते सहा हॉल देतो, मी स्वतः विचारून पाहिलंय. फुटसालचा बॉल ४ नंबरचाच असतो पण उसळत कमी, त्यामुळे काचा फुटायची भीती कमी. फुटसालचं पूर्ण मैदान ४० बाय २० मीटर. आपला हॉल त्याहून लहान, तर तीन-तीन खेळवा. जागा कमी म्हणजे बॉल पायाशी जास्त. पावसाळा हा पायाच्या कामाचा हंगाम करावा असं माझं ठाम मत आहे.

पीटीचे_सर_दापोली

फरशीवर मुलं घसरतात. गुळगुळीत टाइल्स असतील तर बिलकुल खेळवू नका, मनगट मोडतं. कोबा किंवा शहाबादी असेल तरच. शाळांच्या जुन्या सभागृहांत कोबा असतो, तिथे आधी विचारा.

सडा_आणि_समुद्र

बरोबर सर. आम्ही पाहिलेला हॉल कोब्याचाच आहे. नोंद करून ठेवतो.

चाकरमानी_परळ

मी मूळचा मालवणचा. मुंबईत आमच्या मंडळाची मंडळी दर मे महिन्यात गावच्या स्पर्धेला वर्गणी काढतात. सात-सातची, रात्रीच्या उजेडात. गर्दी होते, माईकवर नावं पुकारतात, चषक मोठा, रोख बक्षीस मोठं. इथे सगळे स्पर्धांच्या विरोधात बोलताहेत म्हणून लिहितो. स्पर्धा नसती तर गावातल्या पोरांना फुटबॉल हा शब्द तरी ठाऊक झाला असता का? टेनिस बॉल क्रिकेटच्या पुढे आपला खेळ टिकवायचा तर दिमाख लागतोच. आणि चाकरमानी पैसा देतो तो बघायला मिळतं म्हणून. सहा वर्षांच्या मुलांच्या रविवारच्या सामन्याला परळमधून कोण वर्गणी देणार?

डावा_विंगर

दादा, स्पर्धा हवीच. माझा आक्षेप रोख बक्षिसाच्या पुढे काय होतं त्यावर आहे. बक्षीस मोठं झालं की संघ बाहेरून खेळाडू आणतात. सामन्यामागे मानधन देऊन गोव्याहून, कोल्हापुरातून, मुंबईतून. अंतिम सामन्यात दोन्ही संघांत मिळून गावातला एखादा गोलकीपर. वर्षभर सराव केलेला सोळा वर्षांचा पोरगा पाण्याच्या बाटल्या भरतो. तो पुढच्या वर्षी क्रिकेटच्या टीममध्ये दिसतो, आणि मला त्याला दोष देता येत नाही.

तुमच्याकडे पैशाची चावी आहे म्हणून तुम्हालाच विनंती. नियम घाला: मैदानावरच्या सातांत कायम दोन खेळाडू एकोणीस वर्षांखालचे आणि त्याच तालुक्यातल्या शाळा-कॉलेजात शिकणारे. पाहुणे दोनच. आणि बक्षिसातला चौथा हिस्सा रोख न देता विजेत्या संघाच्या गावातल्या शाळेला बॉलच्या रूपात. गर्दी एका माणसानेही कमी होणार नाही. गावचा पोरगा खेळताना त्याची आई, आजी, सगळी आळी येते.

चाकरमानी_परळ

दोन स्थानिक मुलांचा नियम मंडळाच्या बैठकीत मांडतो. चौथ्या हिश्शावर भांडण होईल, पण तेही मांडतो.

नियमपोथी

पैशाचा विषय निघालाय तर नोंदणीबद्दल सविस्तर लिहितो. आपल्या क्लबांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, आणि ते आपल्या हातात आहे.

फिफाच्या नियमांत मूल घडवणाऱ्या क्लबासाठी दोन तरतुदी आहेत. पहिली प्रशिक्षण भरपाई. बाराव्या वाढदिवसाच्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत खेळाडू ज्या क्लबांत घडला, त्यांना तो पहिल्यांदा व्यावसायिक करार करतो तेव्हा, आणि तेवीस वर्षांचा होईपर्यंतच्या पुढच्या बदल्यांच्या वेळी, रक्कम मिळते. क्लबाच्या श्रेणीप्रमाणे वर्षाचा दर ठरतो. आशियात सगळ्यात खालच्या श्रेणीचा दर वर्षाला २,००० डॉलर आहे. दुसरी, एकजूट निधी. करार चालू असताना खेळाडू परदेशी क्लबाकडे पैसे घेऊन गेला तर त्या रकमेच्या ५ टक्के त्याला घडवणाऱ्या सगळ्या क्लबांत वाटायचे. बारा ते पंधरा या वयाच्या प्रत्येक वर्षाला एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, सोळा ते तेवीसच्या प्रत्येक वर्षाला ०.५ टक्के. म्हणजे एखादा मुलगा बारा ते पंधरा तुमच्याकडे नोंदलेला होता आणि पुढे १ कोटीला परदेशी क्लबात गेला, तर तुमचा वाटा १ लाख. नोव्हेंबर २०२२ पासून फिफाचं क्लिअरिंग हाउस पॅरिसहून हे वाटप करतं, आणि ते खेळाडूच्या नोंदणीचा इतिहास बघून. देशांतर्गत बदल्यांसाठी एआयएफएफच्या नियमांतही प्रशिक्षण भरपाई आहे.

आता मेख. तो इतिहास तयार होतो एआयएफएफच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत. मूल तुमच्याकडे सात वर्षं घाम गाळून गेलं, पण तुम्ही त्याची नोंदणी केली नसेल, तर कागदावर ते तुमच्याकडे कधीच नव्हतं. कोकणातल्या बहुतेक छोट्या क्लबांची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, पण जिल्हा संघटनेशी आणि तिथून विफाशी (राज्याची फुटबॉल संघटना) संलग्नता नसते, किंवा एके वर्षी भरून पुढे विसरलेली असते. ती आधी करा.

इंग्लंडमधला एक्सेटर सिटी बघा. डेव्हन परगण्यातला छोटा क्लब, २००३ पासून समर्थकांच्या ट्रस्टच्या मालकीचा. ऑली वॉटकिन्स तिथे लहानाचा मोठा झाला. २०१७ मध्ये तो ब्रेंटफर्डला गेला तेव्हा एक्सेटरने पुढच्या विक्रीतला हिस्सा करारात लिहून घेतला. २०२० मध्ये ॲस्टन व्हिलाने त्याला मोठ्या रकमेला घेतलं आणि एक्सेटरला परत पैसे आले. जिथून मूल गेलं तिथल्या पुढच्या मुलांसाठी.

उलट उदाहरणही त्याच ब्रेंटफर्डचं. २०१६ मध्ये त्यांनी आपली ॲकॅडमी बंद केली, कारण घडवलेली मुलं मोठे क्लब लहान वयातच अल्प भरपाईत उचलून नेत होते. २०१२ पासून तिथल्या नव्या व्यवस्थेत भरपाईचे दर ठरवून दिलेले आहेत. २०२२ मध्ये त्यांनी ॲकॅडमी परत उघडली. नियम छोट्याच्या बाजूने नसले तर भलाभला क्लबही मूल घडवणं सोडतो.

पण या पैशावर वर्षाचं गणित मांडू नका. भारतात बहुतेक खेळाडू करार संपल्यावर मोकळे होऊन क्लब बदलतात, बदलीची रक्कमच नसते. नोंदणी करायची ती मुलाचा इतिहास खरा राहावा म्हणून.

पीटीच्या_बाई_गुहागर

नियमपोथी, तुम्ही लिहिलंत त्यात एक भर. प्रशिक्षण भरपाईची ती तरतूद महिला फुटबॉलला लागूच नाही. फिफाच्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. एकजूट निधी लागू आहे, पण आपल्याकडच्या मुलींना बदलीची रक्कम मिळतेय कुठे. म्हणजे मुलगी घडवणाऱ्या छोट्या क्लबाला कागदावरही काही परत येत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

मी मुलींचा संघ सांभाळते. दहा-अकरा वर्षांच्या मुली मुलांबरोबर खेळतात आणि सरस खेळतात. मग बारा-तेराला एकेक गळते. पालकांना विचारलं तर कारणं साधी असतात. मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही. पाळीच्या दिवसांत काय करायचं ते सांगणारं कुणी नाही. संध्याकाळी सात वाजता एसटी स्टँडवर मुलगी एकटी. प्रशिक्षक पुरुष, बरोबर बाई नाही. सोयीचे चार प्रश्न सोडवले की मुली टिकतात, याचा मी अनुभव घेतलाय. आम्ही सराव साडेचारला आणला, शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली मागून घेतली, एक आई रोज मैदानावर बसते. गळती थांबली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्याच दाराशी, मडगावात आणि नवी मुंबईत झाला. आमच्या मुलींनी तो टीव्हीवर पाहिला. जिल्ह्यातून त्यांना तिथे नेण्याची व्यवस्था कुणी केली असती तर!

आणि याच ओघात, सगळ्या क्लबांना हात जोडून. प्रशिक्षक नेमताना त्याची चौकशी करा. इंग्लंडमध्ये क्रू अलेक्झांड्रा हा छोटा क्लब मुलं घडवण्यासाठी नावाजलेला होता. तिथल्या एका प्रशिक्षकाला मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी २०१८ मध्ये मोठी शिक्षा झाली आणि २०२१ च्या शेल्डन अहवालात तिथल्या फुटबॉल संघटनेच्या हलगर्जीपणावर ठपका आला. ‘हा माणूस मुलं मोठी करतो’ या कौतुकापुढे कुणी प्रश्न विचारले नव्हते. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बाहेरगावी संघ नेताना दोन मोठी माणसं, त्यात मुलींबरोबर एक बाई, आणि मुलांच्या खोलीत प्रशिक्षक झोपणार नाही. हे लिहून भिंतीवर लावा.

मांडवीपार

बाई, हे वेगळ्या धाग्यावरही टाका. प्रत्येक क्लबाने वाचायला हवं.

रंकाळा_ते_राजापूर

कोल्हापूरचा जावई आहे राजापूरचा, दोन्हीकडे पाय. धागाकर्त्यांशी एका बाबतीत असहमत.

‘सहा ते तेरा’ ऐकायला छान, पण मूल वर बघून शिकतं. कोल्हापुरात पोरगं पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळाचा शर्ट घालायचं स्वप्न बघतं. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की दुकानं लवकर बंद होतात. तिथली ईर्ष्या मैदानाबाहेर जाते तेव्हा मलाही त्रास होतो, पण मुलाला आपल्या पेठेचा मोठा संघ दिसतो ही गोष्ट कुठली ॲकॅडमी देऊ शकत नाही. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. तुम्ही चौदाव्या वर्षी मुलाला ‘दारापर्यंत सोडणार’. शंभरातल्या दोघांना दार उघडेल. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांनी काय करायचं? मोठा संघ नसेल तर छोट्या क्लबाचं पंधराव्या वर्षी विसर्जनच होतं.

डावा_विंगर

हा मुद्दा मला पटला, आणि त्यामुळे माझं म्हणणं थोडं बदलून मांडतो. शिकवण्याचा खर्च आणि वेळ सहा ते तेरावर. पण पंधराच्या पुढच्यांसाठी एक मोठा संघ असावा, फुकटचा, हौसेचा, तालुक्याच्या लीगमध्ये खेळणारा. त्यातल्या प्रत्येकाने आठवड्यातून एक संध्याकाळ लहानांना द्यायची. पंच व्हायला शिकायचं, डी परवाना काढायचा. ज्यांच्यासाठी दार उघडलं नाही त्या अठ्ठ्याण्णवांतूनच आपले उद्याचे प्रशिक्षक यायचे आहेत. एका शिकलेल्या प्रशिक्षकामागे दहा मुलं, हे प्रमाण गाठायला बाहेरून माणसं आणणं आपल्याला परवडणार नाही.

जांभ्या_दगडाचा_बॅक

निवडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. डी परवाना आहे, कणकवलीकडे शिकवतो.

बारा-तेराच्या संघात आपण कुणाला घेतो? उंच, दांडगा, लांब लाथ मारणारा. तो आज जिंकून देतो. त्यातला एखादा खरा चौदाचा असतो, जन्मदाखला ‘सुधारलेला’. एआयएफएफ वयोगटांसाठी मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढते, टीडब्ल्यू३ नावाच्या पद्धतीने. तिथे पकडला गेला की पोरावर शिक्का बसतो, कागद बदलणारा मोठा माणूस मोकळाच.

दाखला खरा असला तरी गोची आहे. वयाची रेषा १ जानेवारीची. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे केवढा. शिवाय कुणी बाराव्या वर्षीच ताडमाड वाढतो, कुणी सोळाव्या वर्षी. कलमी आंब्याला तीन-चार वर्षांत मोहर येतो, रायवळाला कितीतरी जास्त लागतात, म्हणून रायवळ कुणी तोडून टाकत नाही. जेमी व्हार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडलं होतं, तो २०१६ मध्ये लेस्टरबरोबर इंग्लंडचा विजेता झाला. मी तेरापर्यंत कुणालाच वगळत नाही. सगळे खेळतात, सारखा वेळ खेळतात. हरतो आम्ही बरेचदा. पालक विचारतात, मी त्यांना खाली बसवून हेच सांगतो. महिन्यातून एकदा वयाऐवजी उंची-वजनाप्रमाणे गट पाडून खेळवतो. लहान चणीच्या मुलांची अक्कल तेव्हा दिसते. दांडग्या मुलांनाही त्या दिवशी पहिल्यांदा डोकं वापरावं लागतं, त्यांचाही फायदा.

आई_कुडाळची

सर, तुमचो क्लब कणकवलीक खय? माझो धाकटो धा वर्साचो, बारको असा म्हणान खयच्याच टीमीत घेणत नाय.

जांभ्या_दगडाचा_बॅक

ताई, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. घेऊन या त्याला.

डावा_विंगर

आता प्रत्यक्षाकडे वळू. वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ, मालवण या चार तालुक्यांतल्या क्लबांची दहा आणि बारा वर्षांखालची रविवारची लीग या नोव्हेंबरपासून सुरू करायचं मनात आहे. सात-सात, ४ नंबरचा बॉल, प्रत्येक मुलाला निम्मा सामना तरी खेळायला मिळालाच पाहिजे. गुणतक्ता लावायचा नाही, चषक नाही. मुली त्याच संघांत. प्रत्येक मुलाची नोंदणी झाली तरच संघ घ्यायचा, त्यासाठी नियमपोथी एक दिवस येऊन सगळ्या क्लबांना फॉर्म भरून दाखवतील का? पंच आपल्याच मोठ्या संघातली पोरं.

मैदानाची अडचण आहे. वेंगुर्ल्याचं कॅम्प मैदान, मालवणचं बोर्डिंग मैदान, सावंतवाडीचं जिमखाना मैदान, तिन्हीकडे हिवाळ्यात क्रिकेटच्या स्पर्धा ठरलेल्या असतात. रविवार सकाळचे दोन तासही मिळतील की नाही शंका आहे. कुडाळकडे काय होईल?

नियमपोथी

येतो. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधार आणि फोटो आधी गोळा करून ठेवा. अर्धा दिवस त्यातच जातो.

मांडवीपार

मैदानासाठी शाळांकडे किंवा जिमखान्याकडे कशाला जाता? भातकापणी झाली की मळे मोकळे. सात-सातला साठ बाय चाळीस मीटर लागतं, दोन कुणग्यांमधली (भाताच्या वाफ्यांमधली) एक मेर (बांध) काढली की बसतं. मालकाशी आधी बोला, ज्या मळ्यात वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात) किंवा कुळीथ घालणार नाहीत तोच घ्या, आणि पावसाच्या आधी मेर परत बांधून द्यायची लेखी हमी द्या. धसकटं कोयत्याने जमिनीलगत कापून रोलर फिरवायचा. जांभ्यापेक्षा शंभरपटीने मऊ, पडलं तरी लागत नाही. आमच्या बांद्याला असे दोन मळे बघून ठेवतो. फक्त कापणीनंतर गुरं मोकळी सोडतात, तेव्हा रविवारी सकाळी दोन पोरं लवकर यायला हवीत, शेण उचलायला आणि गुरं हाकायला.

पीटीच्या_बाई_गुहागर

आम्ही चार तालुक्यांत नाही, पण नियम जसेच्या तसे पाठवा. गुहागर-दापोली-चिपळूण अशी एक लीग आम्हीही करू. आणि सामने सकाळी साडेआठच्या आधी ठेवू नका, लांबच्या वाडीतून येणारी पहिली एसटी त्याआधी पोचत नाही.

डावा_विंगर

मग नऊला पहिला सामना. नियमांचा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकतो. ज्या क्लबांना यायचंय त्यांनी तालुका आणि दोन्ही वयोगटांत मिळून किती मुलं, किती मुली, एवढंच खाली लिहा.

सडा_आणि_समुद्र

रत्नागिरी तालुका. मुलं बावीस, मुली नऊ. तुमच्या लीगमध्ये नाही जमणार, बाईंच्या लीगमध्ये जागा आहे का?

पीटीच्या_बाई_गुहागर

आहे. जयगडवरून फेरीबोटीने तवसाळला उतरा, पुढे आमची जीप येईल.